हिराकस कमी घालावा

खजुरी बाजारात बाफना
मराठी पुस्तकं किलोवर विकतो.
लिपी त्याची आमची एकच, त्यामुळे
नावं तो मोठ्यानं वाचतो, खणखणीत,
अर्थाला हात न लावता.
"ले जाओ भाभी, साठ रुपये किलो,
इनके पढ़नेवाले अब बचे कहाँ."
मी म्हटलं, एक उभी आहे समोर.
त्यानं काटा पुसला.

तीन निघाली. एक किलो चारशे ग्रॅम.
वरचे चार रुपये त्यानं सोडले.

कादंबरीची पाठ उसवलेली.
पान दोनशे आठवर ती बाई
तांदळाच्या डब्यात पत्र लपवते,
झाकण लागत नाही,
"आणि तेवढ्यात दाराशी"
पुढं नुसता शिवणीचा दोरा.

आत वाचनालयाची चिठ्ठी डकवलेली:
वेणू गर्गे. वेणू गर्गे. मध्ये कुणी पागनीस.
पुन्हा वेणू गर्गे, १४ ऑगस्ट ६१.
दाराशी कोण होतं ते तिला तीनदा कळलं.
स्नेहलतागंजातले सगळे गर्गे विचारून झाले.
एकानं जाळीच्या दारातूनच सांगितलं,
आम्ही नंतरचे.

दुसरं आत्मचरित्र, पदरमोड करून छापलेलं.
महू–खंडवा छोट्या लायनीवरचा गार्ड.
कालाकुंडला इंजिन किती पाणी पितं ते लिहितो,
घाटात एका रात्री शेवटचा डबा सुटला
त्याला सात पानं,
कुत्र्याचं नाव तीनदा.
बायको एकदाच:
"त्या दिवशी मंडळींकडून डबा द्यायचा राहिला."
पुढं पानभर तो उपाशी आहे,
आणि तिच्या हातच्या भाकरीबद्दल
इतकं बारीक
मी दुसरीकडे कुठं वाचलेलं नाही.

तिसरं कामाचं. घरच्या घरी
शाई, साबण, मेणबत्त्या, उंदरांचा बंदोबस्त.
लेखकाला शंका म्हणून ठाऊक नाही.
घ्यावे. कुटावे. गाळावे. स्वस्थ राहू द्यावे.
पण समासात दुसराच कुणी, तपकिरी अक्षरात,
त्याच्याशी भांडतोय:
"हिराकस कमी घालावा. कागद खातो."
आणि त्याच्या कागदातल्या ग च्या जागी
खरंच भोक आहे,
त्यातून पुढच्या पानावरचा साबण दिसतो.

पस्तीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली मी.
तोळ्या-माशांचे ग्रॅम तोंडी होतात.
सियागंजात हिरडा मागितला तर पोरगा बघत राहिला,
हरड म्हटल्यावर डबा उघडला.
हिराकस बांधताना विचारलं, बालों में लगाओगी?
म्हटलं, नाही रे. लिहायचंय.

हिरडा रात्रभर पाण्यात, बाभळीचा डिंक,
हिराकस निम्मा, समासातल्याचं ऐकून.
घरभर ओल्या खिळ्यांचा वास.
सून काही न बोलता खिडकी उघडून गेली.

संध्याकाळी टाक बुडवून
दोनशे आठ समोर घेऊन बसले.
दाराशी. दाराशी कोण?
पोस्टमन आणून पाहिला, दीर आणला,
गार्डाला आणलं, उपाशी, हातात कंदील.
कुणी आत येईना.
शेवटी चिठ्ठीवरच, वेणूच्या खाली,
नाव घातलं, तारीख घातली.
इतकं फिकट उमटलं की वाटलं, माप चुकलं,
पाण्यानंच लिहिलं आपण.
टाक धुतला. झोपले.

सकाळी बघते तर
हेमा बिडवई,
काळं कुळकुळीत.

हे समासातल्यानं कुठं सांगितलं नव्हतं.
त्याच्या भोकाच्या खाली, पेन्सिलीनं,
मी लिहिलं:
रात्रभर थांबावे.